एक खाली राहू दे

१

पहाटे चार वाजता उठायचं. चहा नंतर, आधी शेड. अंगणातून चाळीस पावलं, मग दार, आणि दाराच्या आत डाव्या भिंतीवर बटण. दिवा लागला की बासष्ट कोंबड्या दांड्यांवरून एकेक करून उतरतात, अंग झाडतात आणि दिवस उजाडला असं समजून खायला लागतात. बाहेर उजाडायला तेव्हा साडेतीन तास असतात. अंडी घालायला कोंबडीला तेरा-चौदा तासांचा उजेड लागतो, आणि आमच्या ह्युऑन नदीच्या खोऱ्यात, दक्षिण गोलार्धात, जून म्हणजे ऐन हिवाळा, सूर्य जेमतेम नऊ तास टिकतो. उरलेले तास माणसानं पदरचे घालायचे.

हेस्टर मावशीनं ते एकतीस हिवाळे घातले, हातानं. दिव्याला आपोआप लागणारं घड्याळ बसव, असं तिला सगळे सांगत. ती म्हणे, घड्याळ दिवा लावेल, पण पाण्यावरचा बर्फ कोण फोडणार?

मी तिच्याकडे आले ती मार्चमध्ये. होबार्टला कॉलेजच्या तिसऱ्या वर्षाला होते. परीक्षेच्या खोलीत मागे कुणाची तरी खुर्ची सरकली आणि मी किंचाळले, इतकंच झालं. पण त्यानंतर मला त्या इमारतीत पाऊल टाकवेना. घरच्यांनी पुष्कळ प्रश्न विचारले. मावशीनं एकही विचारला नाही. फोनवर म्हणाली, "टॅम, इथे ये. कोंबड्या तुझ्यापेक्षा घाबरट असतात, तुला जरा बरं वाटेल."

आणि खरंच वाटलं. त्या एका वाक्याचे उपकार मी अजून फेडतेच आहे.

जूनच्या पहिल्या आठवड्यात मावशी अंगणातल्या बर्फावरून घसरली आणि तिचं खुब्याचं हाड मोडलं. अँब्युलन्समध्ये चढवत असतानाही ती मला पाणी, दिवा, दार हेच सांगत होती. दुसऱ्या दिवशी तिचा मुलगा लॉकी आला. त्यानं आपल्या घराजवळ तिच्यासाठी दोन खोल्या बघून ठेवल्या होत्या. न्हाणीघरात धरायला दांडा होता आणि भिंतीत घंटा. लॉकी वाईट नाही, त्याला फक्त आई एकटी नको होती. चहा पिता पिता तो म्हणाला, "हे बघ, बेकरीला रोज चार डझन अंडी जातायत तोवर मी तोंड उघडणार नाही. पण अंडी थांबली, तर तिला इथे परत आणायला मी डॉक्टरांना कारण काय सांगू?"

आणि अंडी थांबायला चार दिवस पुरतात. उजेड चुकला की कोंबड्या पिसं गाळायला बसतात, आणि एकदा बसल्या की वसंतापर्यंत काही नाही. म्हणजे मावशीचं घर त्या एका बटणावर होतं, आणि बटण माझ्याकडे.

भित्री माणसं काम फार काटेकोर करतात. मी चारला उठत होते, बर्फ फोडत होते. संध्याकाळी पावणेपाचला अंधारून आलं की कोंबड्या आपापल्या दांडीवर चढतात, पण तीन-चार म्हाताऱ्या खालीच भुशात बसून राहतात. त्यांनाही मी उचलून वर ठेवत असे. एक तळहात छातीखाली, दुसरा पंखांवरून. अशी धरली की कोंबडी धडपडत नाही. घशातल्या घशात "कुर्र" करते आणि अंग सोडून देते. खाली एकही उरली नाही ना, हे मी दोनदा बघत असे आणि मगच दार लावत असे.

२

पहिल्यांदा बूट.

रात्री ते स्वयंपाकघराच्या दाराशी, पायपुसण्यावर काढून ठेवले होते. पहाटे उठले तर ते खुर्चीच्या पाठीवरच्या आडव्या दांडीवर होते. लटकत नव्हते. चवडे पुढे, टाचा मागे, दोन्ही जवळजवळ, तोल सांभाळून बसवल्यासारखे.

मी पुष्कळ वेळ त्यांच्याकडे बघत राहिले. मग स्वतःला समजावलं: ओले होते, वाळावेत म्हणून झोपेत मीच ठेवले असतील. अशा दांडीवर बूट टिकत कसे होते, हे बघायला मी ते खाली काढले आणि पुन्हा ठेवून पाहिले. सहा वेळा ठेवले, सहाही वेळा पडले.

दुसऱ्या दिवशी अंड्यांची टोपली. जमिनीवर ठेवलेली, सकाळी कपाटावर. मग न्हाणीघरात पडलेला टॉवेल पडद्याच्या दांडीवर, घडी न घालता, पण बरोबर मधोमध. मग बटाट्यांचं पोतं, जे मला ओढतसुद्धा नेता येत नाही. ते ओट्यावर होतं.

दारं आतून लावलेली असत. चोरी नाही, नासधूस नाही. कुठे ओरखडा नाही. मी कॉलेजात दोन वर्षं मानसशास्त्र शिकले आहे. झोपेत माणसं काय काय करतात याची यादी मला पाठ होती आणि मी ती स्वतःलाच वाचून दाखवत असे. वही काढून कुठली वस्तू कुठे ठेवली ते रात्री लिहायला लागले. वही टेबलावर ठेवत असे, ती कधी हलली नाही. हलत होतं ते फक्त जमिनीवरचं.

हे लक्षात आलं त्या दिवशी मी घरातली जमीन रिकामी केली. खुर्च्यासुद्धा टेबलावर उलट्या करून ठेवल्या. म्हटलं, आता काय करशील.

मावशीचा फोन हॉस्पिटलमधून रोज रात्री नऊच्या सुमाराला येई, झोपेची गोळी घ्यायच्या आधी. तिला यातलं काही सांगितलं नाही. तिच्या खुब्यात खिळे घातले होते, तिला माझी आणखी काळजी कशाला? पाणी गोठलं का, किती अंडी, ती पांढऱ्या शेपटीची भांडखोर बया कशी आहे, एवढंच ती विचारी. त्या पाच मिनिटांच्या जोरावर मी रात्र काढत असे.

३

जुलैच्या दुसऱ्या आठवड्यात थंडी इतकी पडली की झोपायच्या खोलीत श्वासाची वाफ दिसायची. मी बाहेरच्या खोलीत शेगडीपुढे सतरंजीवर पुस्तक घेऊन पडले होते. लाकडं तडतडत होती. तशीच डोळा लागला असावा.

जाग आली तेव्हा मी पलंगावर होते.

पांघरूण हनुवटीपर्यंत ओढलेलं. हात दोन्ही बाजूंना अंगाशी घट्ट मिटलेले. तशी मी कधीच झोपत नाही, मी कुशीवर झोपते. उशीला शेडमधल्यासारखा भुशाचा वास येत होता. आणि मला सगळ्यात जास्त भीती कशाची वाटली सांगू? मला शांत झोप लागली होती. मार्चपासून, कदाचित त्याच्याही आधीपासून, इतकी गाढ झोप लागली नव्हती. कुणीतरी उचललं तेव्हा माझ्या घशातून आवाज आला होता, एवढं मला अर्धवट आठवत होतं. ओरडण्याचा नव्हे.

मी चालत आले असेन, असं मी म्हटलं. मोठ्यानं म्हटलं, म्हणजे खोलीला ऐकू जावं. पण सतरंजीवर मी काढून ठेवलेले मोजे होते तसेच होते, आणि फरशी इतकी गार की अनवाणी पाय टेकला असता तर मी जागी झालेच असते.

त्या पहाटे अंगणातली चाळीस पावलं मी धावत गेले. दिवा लावला. बासष्ट कोंबड्या दांडीवरच राहिल्या. उतरल्या नाहीत. कोंबडी नीट बघायची झाली की मान वळवून एका डोळ्यानं बघते. त्या सगळ्या डाव्या डोळ्यानं बघत होत्या, माझ्याकडे नाही, माझ्या खांद्याच्या मागे, जरा वर. दाणे टाकणाऱ्याकडे बघतात तशा, ओळखीच्या नजरेनं.

मी वळले नाही. भुसा, पाणी, दाणे, जेमतेम उरकलं आणि घरी येऊन ठरवलं की उद्यापासून पहाटे चारला या शेडमध्ये मी पाय ठेवणार नाही.

पण उजेड चुकवून चालणार नव्हतं. मग मी ते केलं जे पुस्तकं वाचलेल्या मुलीलाच सुचतं. तेरा तास म्हणजे तेरा तास, पुढून जोडा की मागून, बेरीज तीच. सकाळचा दिवा बंद करायचा आणि संध्याकाळी अंधार पडायच्या आतच लावून नऊपर्यंत ठेवायचा. पहाटे उठायला नको. सूर्य आला की जायचं. इतकी सोपी गोष्ट एकतीस वर्षं मावशीला कशी सुचली नाही, याचं मला थोडं हसूही आलं.

४

त्या संध्याकाळी शेड प्रसन्न दिसत होती. बाहेर मिट्ट काळोख, आत पिवळा उजेड, कोंबड्या भुसा उकरतायत, दोघी पाण्यावरून भांडतायत. नऊला मी बटण बंद केलं. एकदम गप्प झाल्या. मी दार लावून आले. फोन वाजतच होता.

मावशीला मी जरा ऐटीतच सांगितलं. ती ऐकत राहिली. मग म्हणाली, "दिवा घालवलास तेव्हा त्या कुठे होत्या?"

"कुठे म्हणजे? खालीच. खात होत्या."

"सगळ्या?"

"बहुतेक सगळ्या."

मग तिनं हळू आवाजात सांगितलं, आणि तिचा आवाज हळू होतो तेव्हा गोष्ट गंभीर असते. कोंबडीला अंधारात काही म्हणजे काही दिसत नाही. संध्याकाळी उजेड हळूहळू ओसरतो, तेवढ्यात ती दांडी शोधते. एकदम अंधार केला की जिथे असेल तिथेच आंधळी होते. मग थंडीनं एकमेकींना शोधत कोपऱ्यात जमतात, एकीवर एक चढतात, आणि सकाळी खालच्या गुदमरून मेलेल्या सापडतात. तिच्या पहिल्या हिवाळ्यात अशा एकोणीस गेल्या होत्या. म्हणूनच दिवा सकाळी लावायचा, संध्याकाळी नाही.

मी म्हटलं, आत्ता जाऊन दिवा लावते.

"नको. आता भेदरलेल्या असतील, उजेड पडला की एकमेकींवर उड्या घेतील. अंधारातच जा, आणि हातानं एकेक वर ठेव. घाई करू नकोस. येतं तुला ते."

"बासष्ट, मावशी?"

"बासष्ट." मग म्हणाली, "आणि टॅम, तू जाशील तेव्हा काम झालेलं असलं, तर आभार मान आणि परत ये."

"काम झालेलं म्हणजे?"

तिकडे नर्सचा आवाज आला, आणि फोन ठेवला गेला.

५

माझ्या हातात टॉर्च होता, पण लावला नव्हता. दाराच्या अलीकडे, दोन पावलांवर, मी थांबले.

आत आवाज येत होता.

"कुर्र." मग लाकडावर नख्या बसल्याचा बारीक आवाज. मग काही नाही. भुशात सरकल्यासारखं काहीतरी, सावकाश. पुन्हा "कुर्र." पुन्हा लाकूड.

कोंबडी स्वतः चढते तेव्हा पंख फडफडतात. एकदाही फडफड नव्हती. माझी बुद्धी त्या थंडीत उभी राहून एकेक शक्यता मांडत होती: वारा, उंदीर, रानमांजर, माझेच कान. रानमांजर असतं तर एव्हाना कलकलाट झाला असता. मी मोजायला लागले, कारण मोजताना माणसाला पळता येत नाही. वीस. एकतीस. मधे एकदा आवाज बराच वेळ थांबला, आणि मला वाटलं की आता माझ्या श्वासाकडे लक्ष गेलं. मग दूरच्या कोपऱ्यातून पुन्हा सुरू झालं. तिथे ढीग झाला असणार. तिथे ते जास्त हळू होतं. खालच्या, दबलेल्या, एकेक करून मोकळ्या करतंय असं वाटावं इतकं हळू.

साठपर्यंत मोजलं, आणि मला राहवलं नाही. मावशीच्या एकसष्टाव्या, बासष्टाव्या कोंबडीसाठी दार उघडणं मला भाग होतं. मी दार ढकललं, टॉर्चवर तळहात दाबला आणि बटण सरकवलं. बोटांमधून लालसर उजेड पडला. तेवढाच.

दांड्या भरलेल्या होत्या. ओळीनं, खांद्याला खांदा, डोळे मिटलेले. कोपऱ्यात फक्त विस्कटलेला भुसा. खाली एकही मेलेली नव्हती. एकही नव्हती.

आणि शेवटच्या दांडीच्या अलीकडे, माझ्या छातीइतक्या उंचीवर, पांढऱ्या शेपटीची ती भांडखोर कोंबडी हवेत होती.

पंख मिटलेले. पाय सैल लोंबकळत. छातीची पिसं आत दबलेली, खालून तळहात लागल्यावर दबतात तशी, आणि पाठीवरचीही. मावशी मोठ्या हातांची आहे, पण हे हात त्याहून बरेच मोठे असावेत, कारण कोंबडी जवळजवळ सगळीच दबलेली होती. ती शांतपणे पुढे गेली, दांडीवर टेकली, आणि दबलेली पिसं हळूच फुलून वर आली.

मी तोंड उघडलं. मला वाटलं किंकाळी येईल.

"आभारी आहे," मी म्हटलं. "खूप आभारी आहे."

आणि मला ते मनापासून वाटत होतं, त्याचीच मला भीती वाटली. टॉर्च विझवून मी मागे मागे सरकत बाहेर आले. परत येताना अंगणातल्या बर्फावर माझा पाय घसरला. मी पडले नाही. घसरले ते आठवतं, आणि मग सरळ उभी होते ते आठवतं. मधलं मी स्वतःला विचारत नाही.

दुसऱ्या दिवशी एकावन्न अंडी मिळाली. मी पुन्हा पहाटे चारला उठायला लागले.

६

मावशी ऑगस्टच्या पहिल्या शनिवारी घरी आली, लॉकीच्या गाडीतून, वॉकरसकट. लॉकीनं शेडमध्ये डोकावून बघितलं, भरलेल्या टोपल्या बघितल्या, आणि दिलेला शब्द पाळला. जाताना मला बाजूला घेऊन डॉक्टरांचा निरोप सांगितला: अजून तीन महिने आईला काखेत धरून कुणीही उचलायचं नाही. खिळे हलले तर पुन्हा उभी राहणार नाही. उठेल ती स्वतः, आपल्या वॉकरच्या आधारानं.

त्या संध्याकाळी मावशी हट्टानं शेडच्या दारापर्यंत आली. अंधारत होतं. कोंबड्या चढल्या, तिघी-चौघी खाली राहिल्या. मी नेहमीप्रमाणे त्यांना उचलायला लागले. शेवटच्या एकीला हात घालणार तोच मावशी म्हणाली, "ती राहू दे."

"खाली?"

"एक खाली राहू दे. रोज. घाईत तुला सांगायचं राहिलं, चूक माझी." मग तिनं माझ्या तोंडाकडे नीट निरखून बघितलं. "घरात आलं होतं?"

मी मान हलवली. बूट, पोतं, पलंग, सगळं सांगितलं. तिला नवल वाटलं नाही, वाईट वाटलं.

"तू सगळंच करून टाकत होतीस ना गं. रिकामे हात मग घराकडे येतात."

मी विचारलं, ते कोण आहे? ती हसली. एकतीस वर्षं जो मदत करतो त्याला तू कोण असं विचारायचं असतं का, म्हणाली. तिनं कधी विचारलं नव्हतं. रोज आभार मानले आणि दार लावलं. "आणि एक लक्षात ठेव. मुद्दाम वरून काढून खाली ठेवायची नाही. आपण होऊन राहिलेलीच हवी. फसवलेलं कळतं."

त्यानंतरचे तीन आठवडे फार सुखाचे गेले. मावशी शेगडीपाशी बसून माझी थट्टा करत असे, मी तिला अंडी परतून देत असे. घरी राहून टपालानं कॉलेज पुन्हा सुरू करायचा अर्जही मी लिहिला. संध्याकाळी एक कोंबडी खाली राहू द्यायची, आभार मानायचे, दार लावायचं. घरातली जमीन जशीच्या तशी राहायची.

मग ऑगस्टच्या शेवटी हवा जरा उबदार झाली. कोंबड्यांना हुशारी आली. त्या संध्याकाळी त्या एकेक करून चढत गेल्या, म्हाताऱ्यासुद्धा, लंगडीसुद्धा. मी थांबले. भुसा रिकामा झाला. मी पुन्हा मोजलं. बासष्टच्या बासष्ट वर होत्या. खाली कुणीच नव्हतं.

घराच्या खिडकीत उजेड होता. मावशीनं रेडिओ लावला होता, खुर्चीत डुलक्या घेत असणार, दोन्ही पाय जमिनीवर टेकवून. माझ्या डोळ्यांपुढे तिचा खुबा आला, त्यातले खिळे, आणि काखेतून आत जाणारे ते मोठे, प्रेमळ, रिकामे हात.

मी थोडा वेळ विचार केला. फार नाही. मला कुणी विचारलं असतं तर मी सांगितलं असतं की हे सगळं मूर्खपणाचं आहे, आणि तरीही आत येऊन मी दार आतून ओढून घेतलं. भुशात मधोमध बसले, आपण होऊन खाली राहिलेली. गुडघे छातीशी घेतले, हात अंगाशी मिटले. फटीतून येणारा करडा उजेड भिंतीवरून खाली सरकला आणि संपला.

"आभारी आहे," मी आधीच म्हणून ठेवलं. नंतर आवाज फुटेल याची खात्री नव्हती.

अंधारात, माझ्या डोक्याच्या वर, दांडीवर नख्या सरकल्या. मग आणखी काही सरकल्या, दुसऱ्या बाजूला. कोंबड्या आपापसात कुरकुरत सरकून घेत होत्या, मधे जागा करून देत होत्या, एका माणसापुरती.